अपील अडकलंय म्हणून कानांचा दावा थांबवू नका

माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांच्या पेन्शनविषयक प्रश्नांना या पानावर उत्तरं दिली जातात. उत्तरं देणारे निवृत्त सुभेदार (क्लार्क) असून त्यांची बरीचशी नोकरी रेकॉर्ड ऑफिसच्या, म्हणजे सैनिकांच्या सेवेचे कागद सांभाळणाऱ्या कार्यालयाच्या, कामात गेली आहे. ते नाशिक रोडला राहतात. पत्रं पाठवणाऱ्यांची नावं त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : सुभेदार साहेब, जय हिंद. मी तोपखान्यातून २०१९ साली हवालदार म्हणून निवृत्त झालो. बरीच वर्षं बोफोर्स तोफेवर होतो, शेवटी तोफेचा नंबर वन, म्हणजे तोफेवरच्या जवानांचा प्रमुख होतो. रिलीज मेडिकल बोर्डात, म्हणजे निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीत, ब्लड प्रेशर निघालं. अपंगत्व ३० टक्के, आयुष्यभरासाठी. पण सेवेमुळे झालेलं नाही आणि सेवेनं वाढलेलंही नाही, असा शेरा मारला. अपंगत्वाच्या पेन्शनचा दावा नाकारला, पहिलं अपीलही नाकारलं. दुसरं अपील मागच्या दिवाळीच्या आधी पाठवलंय, त्याचं अजून काही कळत नाही. आता दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. रात्री आडवं पडलं की कानात सतत शिट्टी वाजते. डॉक्टरांनी मशीन लावायला सांगितलंय. गावातले एक माजी सैनिक म्हणतात, एक केस चालू असताना दुसरी टाकली तर दोन्ही फेटाळतात, आधी अपील मागे घे. दुसरे म्हणतात, कानाचं त्याच अपिलात जोडून दे. मी काय करू? घरी द्राक्षबाग आहे, कामाच्या दिवसांत सारखं नाशिक रोडला येणं जमत नाही. (निवृत्त हवालदार, निफाड तालुका)

उत्तर : हवालदारसाहेब, जय हिंद. अपील मागे घेऊ नका आणि कानाचं त्यात जोडूही नका. कानांसाठी स्वतंत्र दावा करा, आणि तो आताच करा. एक अपील चालू असताना दुसऱ्या आजाराचा दावा करता येत नाही, असा नियम नाही. हा गैरसमज आपल्याकडच्या गावागावांत इतका पसरलाय की माणसं वर्षानुवर्षं गप्प बसून राहतात. तेवढ्यात जुने कागद सापडेनासे होतात आणि थकबाकीही बुडते. म्हणून तुमच्या पत्राचं उत्तर जरा सविस्तर देतो.

तुमचं अपील कशावर आहे ते आधी पाहू. रिलीज बोर्डाचा जो फॉर्म असतो, एएफएमएसएफ-१६, त्यात बोर्डानं तुमच्या ब्लड प्रेशरबद्दल एक मत दिलं. त्या मतावरून दावा नाकारला गेला, आणि त्या नकाराविरुद्ध तुम्ही अपील केलं. अपिलाच्या समितीपुढे तोच फॉर्म, तोच आजार आणि तोच नकार असतो. कानांचं त्या फॉर्मवर काहीच नसेल, तर समिती त्याबद्दल काय ठरवणार? तुम्ही मध्येच कानांचं पत्र जोडलंत तर फार तर ते फाइलला लागेल आणि तसंच पडून राहील. पुढे तुम्ही म्हणाल, मी कळवलं होतं. ते म्हणतील, तुमचा दावाच नव्हता. अशा फाइली मी पाहिल्या आहेत. त्यात माणसाचं म्हणणं खरं असतं, पण ते चुकीच्या दाराशी मांडलेलं असतं.

अपील मागे घेण्याचा सल्ला तर नुकसानच करणारा आहे. ब्लड प्रेशरच्या ३० टक्क्यांचं काय ते त्याच अपिलात ठरायचंय. ते मागे घेतलंत तर पहिला नकार कायम झाला असं धरलं जाईल. शिवाय कानांच्या दाव्यालाही त्या ३० टक्क्यांचा आधार लागू शकतो. तो कसा, ते खाली येईलच.

आता कानांकडे वळू. तुम्ही २०१९ चे निवृत्त आहात, म्हणजे तुम्हाला २००८ चे एंटायटलमेंट रूल्स (अपंगत्वाच्या पेन्शनची पात्रता ठरवणारे नियम) लागू होतात. २१ सप्टेंबर २०२३ पासून आलेले नवे नियम त्या तारखेपासून पुढे निवृत्त होणाऱ्यांसाठी आहेत. कुणी तुम्हाला नव्या नियमांचा कागद दाखवून 'आता हे बंद झालं' असं म्हटलं तर ऐकू नका. २००८ च्या नियमांत निवृत्तीनंतरच्या दाव्यांसाठी तरतूद आहे. निवृत्तीच्या वेळी नसलेला आजार पुढच्या सात वर्षांत उद्भवला, आणि सेवेतल्या परिस्थितीमुळे शरीरात सुरू झालेला बिघाडच उशिरा बाहेर आलाय असं वैद्यकीय अधिकाऱ्यांना पटलं, तर तो आजार सेवेमुळे झालेला मानता येतो. सात वर्षांची ही अट आजार कधी उद्भवला याबद्दल आहे. त्यामुळे कानांची पहिली तपासणी कोणत्या तारखेला झाली त्याचा कागद तुमच्यासाठी फार मोलाचा आहे. मशीनची चिठ्ठी पुरणार नाही. ऑडिओमेट्रीचा, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा, आलेख हवा, डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासह आणि तारखेसह. डॉक्टरांकडे तुमचा जुना रेकॉर्ड असेल तर आजच जाऊन त्याची प्रत घ्या. नसेल तर ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलीक्लिनिकमधून कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांकडे रेफरल घ्या आणि नव्यानं तपासणी करून घ्या.

त्या आलेखात काय पाहायचं तेही सांगतो, कारण बोर्डातले डॉक्टर तेच पाहणार आहेत. स्फोटाच्या किंवा मोठ्या आवाजानं कान जातात तेव्हा आधी वरच्या पट्टीतलं ऐकणं जातं. आलेखाची रेघ साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास खाली घसरते आणि त्यापुढे पुन्हा थोडी वर येते. वयानं जाणाऱ्या कानाची रेघ मात्र उतरत जाते ती उतरतच जाते. तुमच्या आलेखात तो खड्डा असेल तर डॉक्टरांना विनंती करून रिपोर्टमध्ये तसं लिहून घ्या. तोफ डागताना नंबर वनच्या जागी आवाजाचा धक्का १४० डेसिबलच्या वर जातो. कानाला इजा व्हायला तेवढा पुरेसा आहे, हे सैन्याच्या डॉक्टरांना वेगळं सांगावं लागत नाही.

पण एक अडचण आहे, ती लपवत नाही. आवाजानं झालेली इजा आवाज थांबल्यावर फारशी वाढत नाही, असं वैद्यकशास्त्र मानतं. त्यामुळे बोर्ड विचारेल, तुम्ही २०१९ ला तोफ सोडलीत, मग कान आता कसे गेले? याचं उत्तर तुमच्या कागदांतून यायला हवं. माणसाचं बोलणं ज्या पट्टीत असतं ती ४००० हर्ट्झच्या बरीच खाली असते. म्हणून सुरुवातीला माणसाला काही जाणवतच नाही. घरात बोलणं ऐकू येतं, फोन ऐकू येतो, मग कशाला कोण कान तपासतो? पुढे वय त्यात भर घालतं आणि मग बायको हाक मारून दमते. इजा जुनीच असते, कळते नंतर. तुमच्या अर्जात मुद्दा असाच मांडा : बिघाड सेवेत सुरू झाला, तो बाहेर आला निवृत्तीनंतर. 'निवृत्तीनंतर कान गेले' एवढं एकच वाक्य लिहून थांबू नका.

त्यासाठी सेवेतले कागद काढा. तुमच्या मेडिकल कॅटेगरीतला 'एच' हा कानांचा असतो. दर वर्षीच्या मेडिकलमध्ये तो काय होता, मध्येच कधी बदलला का, फायरिंगनंतर कधी कान दुखतो म्हणून सिक रिपोर्ट झाला का, एमएचमध्ये (लष्करी रुग्णालयात) कान दाखवले का, हे सगळं तुमच्या कागदांत असू शकतं. इथे दोन शक्यता आहेत. सेवेत कानांची तक्रार नोंदलेली आहे आणि तरीही रिलीज बोर्डानं ती विचारात घेतली नाही, असं असेल तर अर्जात ते स्पष्ट लिहा. तेव्हाच तपासायला हवं ते तपासलं गेलं नाही, हा तुमचा मुद्दा होईल, आणि तो जास्त भक्कम आहे. नोंदच नसेल आणि निवृत्तीच्या वेळी 'एच-१', म्हणजे कान चांगले असा शेरा, असेल, तर सात वर्षांच्या तरतुदीवर चला. 'एच-१' पाहून खचू नका. निवृत्तीच्या वेळी नसलेल्या आजारासाठीच ती तरतूद आहे.

हे कागद मिळवायला नाशिक रोडच्या रेकॉर्ड ऑफिसला खेटे घालायची गरज नाही. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून रेकॉर्ड ऑफिसच्या माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. त्यात भरतीच्या वेळची मेडिकल, सर्व वार्षिक मेडिकल, कॅटेगरी बोर्ड झाले असतील तर ते, रिलीज बोर्डाची पूर्ण प्रत आणि तुमच्या पोस्टिंगची यादी मागा. स्वतःचेच कागद आहेत, तीस दिवसांत उत्तर यायला हवं. मात्र हे कागद येईपर्यंत दावा अडवून ठेवू नका. दावा आधी पाठवा आणि त्यात लिहा, सेवेतली वैद्यकीय कागदपत्रं मागवली आहेत, मिळताच जोडतो.

तुमची द्राक्षबाग आहे, म्हणून एक प्रश्न मीच विचारतो. फवारणी कोण करतं? ऑक्टोबर छाटणी झाली की निफाड-दिंडोरीत पहाटेपासून ट्रॅक्टरवरचे ब्लोअर सुरू होतात. तो आवाज काही थोडा नाही. बोर्ड विचारेल, निवृत्तीनंतर काय काम करता? खरं ते सांगा. तुम्ही स्वतः ब्लोअर चालवत असाल तर हो म्हणा, कानांना काय लावता तेही सांगा. आणि लावत नसाल तर दाव्याचं सोडा, उद्यापासून कानांना संरक्षण लावा. उरलेलं ऐकणं तुमच्या नातवंडांसाठी लागणार आहे. फवारणी मजूर करत असेल तर तसं लिहा. खोटं बोलू नका. बोर्डापुढे एक खोटी गोष्ट सापडली की खऱ्या दहा गोष्टींवरही विश्वास बसत नाही.

अर्ज साधा असू द्या. आर्मी नंबर, रँक, नाव, युनिट, निवृत्तीची तारीख, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नंबर. मग कोणत्या तोफांवर किती वर्षं काम केलं, कोणत्या रेंजवर फायरिंग झालं, कानांचा त्रास कधी जाणवला, पहिली तपासणी कधी. शेवटी स्पष्ट मागणी : मेडिकल बोर्डापुढे तपासणी व्हावी आणि दोन्ही कानांचं अपंगत्व सेवेमुळे झालेलं मानून डिसेबिलिटी एलिमेंट (पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग) मिळावं. याच अर्जात एक परिच्छेद जुन्या अपिलाचा हवा : 'उच्च रक्तदाबाबद्दलचं माझं दुसरं अपील अमुक तारखेपासून प्रलंबित आहे, हा दावा त्यापासून वेगळ्या आजाराचा आहे, आणि या दाव्यामुळे ते अपील मी मागे घेत नाही.' हे वाक्य नक्की घाला. ते नसेल तर टेबलावरचा माणूस दोन्ही कागद एकाच फाइलला लावून मोकळा होतो. अर्ज रेकॉर्ड ऑफिसला स्पीड पोस्टनं पाठवा. पावती आणि पोहोच तुमच्या प्रतीला टाचून ठेवा. स्पर्श या पेन्शनच्या पोर्टलवर तक्रार टाकली म्हणजे दावा झाला असं समजू नका. तक्रार तक्रार म्हणून बंद होते.

आता टक्क्यांचा हिशेब. डिसेबिलिटी एलिमेंटसाठी अपंगत्व किमान २० टक्के लागतं. शंभर टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, आणि त्या प्रमाणात खाली. त्यावर राउंडिंग ऑफ असतं : ५० च्या आतले ५० धरतात, ५० ते ७५ चे ७५ आणि त्याच्या वरचे १००. हे राउंडिंग सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयानं राम अवतार प्रकरणात १० डिसेंबर २०१४ ला सांगितलं. समजा, हिशेबासाठी पगार ४५,००० धरला. ५० टक्क्यांना महिन्याला ६,७५० होतात, ७५ टक्क्यांना १०,१२५, आणि वर महागाई भत्ता. तुमचं ब्लड प्रेशर ३० टक्के मान्य झालं तर राउंडिंगनं ५० होतील. कानांचे टक्के एकटे धरले आणि ते २० च्या खाली भरले, तर त्यांचे वेगळे पैसे मिळणार नाहीत. पण दोन्ही मान्य झाले तर बोर्ड एकत्रित टक्केवारी काढतं. ती सरळ बेरीज नसते, बेरजेपेक्षा कमी भरते. तरी ती ५० ला पोचली की तुम्ही ७५ च्या गटात जाता. अपील मागे घेऊ नका म्हणतो ते यासाठी. फाइली दोन, पण पैशाच्या हिशेबात त्या एकत्र येतात.

राहिलं ते अडकलेलं अपील. त्याची वाट पाहत बसायची गरज नाही. २००७ च्या आर्म्ड फोर्सेस ट्रायब्यूनल कायद्यानुसार अपिलावर सहा महिन्यांत निर्णय आला नाही तर खात्यातले मार्ग संपले असं धरून ट्रायब्यूनलकडे, म्हणजे सैन्यदलांच्या न्यायाधिकरणाकडे, जाता येतं. तुमचे सहा महिने उलटून गेले आहेत. आपल्यासाठी खंडपीठ मुंबईला आहे. उशीर झाला असेल तर उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत द्यावा लागतो. पेन्शन दर महिन्याला देय होते म्हणून असा अन्याय चालू राहणारा धरला जातो, पण थकबाकी साधारणपणे अर्ज दाखल होण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. हे तरसेम सिंग प्रकरणात २००८ साली ठरलं. म्हणजे जितके महिने घरी बसाल तितके मागचे महिने हातातून जातात.

ट्रायब्यूनलमध्ये जाण्याआधी तुमच्या एएफएमएसएफ-१६ मधली ब्लड प्रेशरची जागा नीट वाचा. तिथे बहुतेकांच्या फॉर्मवर जवळपास सारखंच वाक्य असतं : शांतता क्षेत्रात सुरुवात, फील्ड, उंच प्रदेश किंवा दहशतवादविरोधी मोहिमेतल्या सेवेशी काळाचा जवळचा संबंध नाही. त्याच फॉर्मवर तुमच्या पोस्टिंगचा तक्ता असतो, कुठे फील्ड, कुठे पीस (शांतता क्षेत्र). बोट ठेवून दोन्ही तारखा जुळवा. ब्लड प्रेशर पीसमध्ये सापडलं, पण त्याआधी लगेच फील्डचा टेन्युअर होता का? असेल तर ते वाक्य तुमच्याच तक्त्याशी जुळत नाही, आणि वकिलाला दाखवायचा हाच मुद्दा आहे. भरतीच्या वेळी तुम्हाला हा आजार असल्याची नोंद नव्हती, हेही सांगा. धरमवीर सिंग प्रकरणात २ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की भरतीच्या वेळी नोंद नसेल तर जवान धडधाकट होता असं धरायचं, आणि आजार सेवेमुळे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी जवानावर टाकायची नाही. कारण न देता नुसता शेरा मारून भागत नाही.

मात्र कानांचं प्रकरण थेट ट्रायब्यूनलमध्ये नेऊ नका. खात्यानं ज्यावर अजून निर्णयच दिलेला नाही त्यावर ट्रायब्यूनल आधी खात्याकडे जा असंच म्हणेल. कानांचा दावा, बोर्ड, निर्णय, गरज पडली तर अपील, असा त्याचा स्वतःचा रस्ता चालू द्या.

प्रश्न : साहेब, माझा डावा गुडघा सरावात गेला, इंज्युरी रिपोर्ट आहे, सेवेमुळे झालेला मानलाय. ३० टक्के कायम. पेन्शन चालू आहे. आता गुडघा जास्त बिघडलाय, आणि लंगडत चालून कंबरही धरली. गुडघ्याचे टक्के वाढवायला अर्ज केला होता, तो फेटाळला, त्यावर अपील टाकलंय. आता कंबरेसाठी वेगळा अर्ज करू का? (निवृत्त नाईक, भगूर)

उत्तर : करता येतो. पण आधी तुमचा पीपीओ काढून पाहा. त्यात डिसेबिलिटी एलिमेंट ३० टक्क्यांनं आहे की ५० नं? ३० नंच असेल तर राउंडिंगची मागणी आधी करा, त्यासाठी नवा बोर्ड लागत नाही. ५० नं असेल तर अपिलाचा पुन्हा विचार करा. गुडघ्याचे ३० चे ४० झाले तरी तुम्ही त्याच गटात राहता, पैसे तेवढेच. प्रत्यक्ष टक्के ५० झाले तरच फरक पडतो. त्यात कायमचं अपंगत्व म्हणून ठरलेले टक्के ७ फेब्रुवारी २००१ च्या पत्रानुसार आयुष्यभरासाठी अंतिम आहेत आणि तुम्ही स्वतः मागितलं तरच त्यांची फेरतपासणी होते. ती तुम्ही मागताय, आणि फेरतपासणीत टक्के कमीही होऊ शकतात. ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडून एक्स-रे आणि हालचालीच्या अंशांसह रिपोर्ट घ्या आणि टक्के खरोखर वाढतील का ते त्यांना आधी विचारा.

कंबरेचं वेगळं आहे. ती गुडघ्यामुळे बिघडली असं तुमचं म्हणणं, आणि गुडघा तर सेवेचाच मानलेला आहे. म्हणून तुमचा पाया पक्का आहे. डॉक्टरांकडून एवढंच लिहून घ्या, की लंगड्या चालीमुळे कंबरेवर असमान भार येऊन हा बदल झालाय. ते वाक्य डॉक्टरांच्या स्वतःच्या शब्दांत आणि तपासणीवर आधारलेलं हवं. गुडघ्याच्या अपिलाचा उल्लेख अर्जात करा, तारखेसह.

प्रश्न : भाऊ, माझे मिस्टर तोपखान्यात होते. हृदयाच्या आजाराचं त्यांचं दुसरं अपील चालू असतानाच यंदा ते गेले. फॅमिली पेन्शन सुरू झाली. अपील आता संपलं का? मुलगा म्हणतो, जाऊ दे आई. (पत्नी, सिन्नर)

उत्तर : वहिनी, तुमच्या दुःखात मी सहभागी आहे. तुमच्या मुलाला माझा नमस्कार सांगा आणि सांगा, जाऊ देऊ नका. मिस्टरांचा दावा खरा ठरला तर त्यांच्या हयातीतली थकबाकी वारसांची असते. रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहा, मृत्यूचा दाखला आणि पीपीओची प्रत जोडा, आणि लिहा की पतीचं अपील मला पत्नी म्हणून पुढे चालवायचं आहे. प्रकरण ट्रायब्यूनलमध्ये गेलेलं असेल तर वारस म्हणून नाव लावण्याचा अर्ज वकिलामार्फत लवकर करावा लागतो.

दुसरी गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण तीच मोठी आहे. मृत्यू त्याच हृदयाच्या आजारानं झाला असेल आणि तो आजार सेवेमुळे किंवा सेवेनं वाढलेला मानला गेला, तर स्पेशल फॅमिली पेन्शनचा दावा करता येतो. साधी फॅमिली पेन्शन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असते, स्पेशल ६० टक्के. मृत्यू निवृत्तीनंतर किती वर्षांनी झाला हेही तिथे पाहिलं जातं. हा दावा तुमचा स्वतःचा, नवा आणि वेगळा आहे, आणि तो मिस्टरांच्या जुन्या अपिलावर उभा आहे. म्हणून अपील सोडलं तर हाही दावा कमजोर होतो. हॉस्पिटलचे शेवटचे सगळे कागद, मृत्यूचं कारण लिहिलेला वैद्यकीय दाखला, त्यांच्या रिलीज बोर्डाची प्रत, हे एका पिशवीत एकत्र ठेवा. घराची आवराआवर करताना त्यांची पत्र्याची पेटी कुणाला उघडू देऊ नका, आधी त्यातले कागद तुम्ही स्वतः काढून घ्या.

प्रश्न : एक जण दोन्ही कामं, जुनं अपील आणि नवा दावा, करून देतो म्हणतोय. आता काही नको, थकबाकीतले वीस टक्के द्या, आणि मूळ डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीचं पुस्तक) माझ्याकडे ठेवा, असं सांगतो. द्यावं का? (माजी सैनिक, चांदवड)

उत्तर : नाही. डिस्चार्ज बुक कुणालाही देऊ नका. झेरॉक्स द्या, त्यावर आडवी रेघ मारून कशासाठी दिली ते लिहा. वकील असेल तर निकालातल्या रकमेचा हिस्सा फी म्हणून ठरवणं त्याला बार कौन्सिलच्या नियमांनुसार चालत नाही. वकील नसेल तर तो ट्रायब्यूनलमध्ये तुमच्यासाठी उभा कसा राहणार? रेकॉर्ड ऑफिसचा दावा आणि अपील या दोन्हींसाठी वकील लागतच नाही. अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत मिळते. पुढे ट्रायब्यूनलची वेळ आली तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर १९८७ च्या कायद्यानुसार मोफत वकील मागायचा तुम्हाला हक्क आहे, महिलांनाही आहे. जाताना नकाराची पत्रं, पीपीओ आणि बोर्डाची प्रत तारखेच्या क्रमानं लावून न्या, सगळ्यात जुना कागद वर.